रिपोर्टातल्या दोन म्हशी

मन्मथअप्पांच्या मुलाचा, विरेशचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी चहा गाळत होतो. "काका, अप्पा लिंगैक्य झाले," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लातूरला जायला आता कोणती गाडी सापडेल ते आठवू लागलो. बायको पदरानं डोळे पुसत उभी होती आणि मी तोंडातल्या तोंडात गाड्यांच्या वेळा पुटपुटत होतो. ही खोड माझी जुनी आहे. मन्मथअप्पा असते तर म्हणाले असते, "भाऊसाहेब, गाडी येती तवा येती. तुम्ही आधी चहा घ्या." पण ते नव्हते, आणि तो चहा तसाच गार झाला.

लातूरला पोचलो तेव्हा दारात मांडव होता. लिंगायतांमध्ये देह आडवा ठेवत नाहीत, बसवतात. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा, डाव्या तळहातावर इष्टलिंग. डोळे मिटलेले. आम्ही दोघं कितीदा तरी स्टेशनाच्या बाकावर असे बसलो आहोत. गाडीला उशीर असला की ते अगदी असेच डोळे मिटून बसायचे आणि मी दर पाच मिनिटांनी उठून रुळाच्या टोकाकडे बघायचो. त्या दिवशीही मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो... मग मात्र राहवलं नाही. साठी उलटून गेलेला माणूस परक्यांच्या घोळक्यात हुंदके देऊन रडला, याची आता लाज वाटत नाही.

त्याला सव्वा महिना झाला. अप्पा काही मोठी असामी नव्हते. गंजगोलाईच्या एका बोळात त्यांचं दोर, बादल्या आणि पोहऱ्यांचं दुकान होतं. सभेत बोलले नाहीत, कुठल्या मंडळाचे अध्यक्ष झाले नाहीत. त्यांच्यावर कुणी लेख लिहावा असं त्यांनाही कधी वाटलं नसतं. मी लिहितो आहे त्याला कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका दुष्काळी उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिचं खापर अप्पांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि मी मोकळा राहिलो. ते असेपर्यंत तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. आता निदान हातानं तरी लिहितो.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचा 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' रंगवला जात होता, आणि रंगाऱ्यांना उसंत नव्हती. नव्या कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. मी नांदेडहून बदली होऊन तिथं कारकून म्हणून आलो आणि टंचाई शाखेत बसलो. कोणत्या गावाला टँकर, कुठं छावणी, कुठली विहीर अधिग्रहित, असे कागद दिवसभर माझ्या हाताखालून जायचे. पाऊस लागोपाठ दगा देत होता. ज्या घरात मी खोली घेतली होती तिथल्या विहिरीचा दोर तोकडा पडायला लागला, म्हणून घरमालकानं मला दोर आणायला पिटाळलं. मी अप्पांच्या दुकानात जाऊन म्हणालो, "चाळीस हात द्या."

त्यांनी विचारलं, "कोणत्या गल्लीत राहता?" मी गल्ली सांगितली. ते म्हणाले, "मग साठ हात न्या. तिथं आता चाळीसला पाणी लागत न्हाई."

मला राग आला. सरकारी माणसाला पाण्याची पातळी सांगणारा हा कोण? मी काही तरी तोडून बोलणार तेवढ्यात लांबून अरुंद रुळांच्या लहान लाइनवरच्या गाडीची शिट्टी आली. माझी नजर मनगटाकडे गेली. समोर अप्पांनी मात्र मान तिरकी केली, कान दिला, आणि म्हणाले, "आज दमून राहिली. कोळसा खराब दिसतो." एकाच शिट्टीनं एक माणूस घड्याळाकडे वळला आणि एक इंजिनाकडे... आमची सगळी दोस्ती या एका क्षणात आली. मी साठ हात दोर घेतला. त्या विहिरीला तो बरोब्बर पुरला.

दोघांनाही कोळशाच्या इंजिनांचं वेड होतं, पण दोन तऱ्हांचं. मला गाड्यांच्या वेळा आवडायच्या. आमच्या भागातलं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. कोणती पॅसेंजर कुठं थांबते, कोणती मालगाडी कुणासाठी बाजूला काढतात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. अप्पांना वेळेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना इंजिन जवळून बघायचं असायचं, इतक्या जवळून की अंगावर कोळशाची कणी यावी. "डिझेलचं समदं पोटात," ते म्हणायचे. "काय करून राहिलं ते दिसत न्हाई. हिचं सगळं उघड्यावर हाय. ताकद लागती ती दिसती, थकवा येतो तो बी दिसतो." आणि असं बघायचं तर फलाटावरून भागत नाही. त्यासाठी रुळावर उतरावं लागतं, यार्डात शिरावं लागतं, वळणावरच्या खडीत उभं राहावं लागतं. हा गुन्हा आहे हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. मी तर सरकारी नोकर. लातूरच्या यार्डातून आम्हाला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा यार्डातल्या पहारेकऱ्यानं अप्पांना ओळखलं, कारण त्याच्या घरच्या पोहऱ्याचा दोर अप्पांच्याच दुकानातला होता, आणि मग तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

पंधरा दिवसांआड शनिवारी मी नांदेडला घरी जायचो. अप्पा दुकान भावावर सोपवून माझ्यासोबत एसटीनं यायचे. रविवारी पहाटेच उठून आम्ही धर्माबादच्या बाजूची पॅसेंजर धरायचो, कारण त्या लाइनीवर मोठी इंजिनं अजून धावत होती आणि ती फार दिवसांची सोबती नाहीत असं सगळे म्हणत होते. अप्पांच्या घरून वहिनींनी दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात, खांद्याला पाण्याची पिशवी, अप्पांच्या गळ्यात साधा डबा कॅमेरा. कुठल्याशा लहान स्टेशनावर उतरायचं आणि रुळानं चालत सुटायचं. चालताना अप्पा मधूनच वाकून रुळावर तळहात टेकवायचे. गाडी दिसायच्या किती तरी आधी ती त्यांच्या हाताला कळायची. मी त्यांची थट्टा करायचो. मला वाटायचं, वेळापत्रक पाठ असलेल्या माणसाला रुळाची नाडी बघायची काय गरज?

त्या रविवारी वैशाखाचं ऊन सकाळीच तापलं होतं. उमरीच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनावर आम्ही उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही, वाकडं मी केलं. स्टेशनाची विहीर आटलेली होती. इंजिनाला पाणी पाजायच्या लोखंडी सोंडेत चिमण्यांनी घरटं बांधलं होतं. फलाटाच्या कुंपणाला लागून घागरींची लांबच लांब रांग होती, आणि बायका लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. "टँकरची वाट बघत असतील," मी म्हणालो. टंचाई शाखेतला कारकून मी, पण टँकर रस्त्यावर यायचा सोडून फलाटावर कशाला येईल, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आम्ही रुळावर उतरलो तेव्हा लाइनीवर काम करणारा एक गँगमन म्हणाला, "सायब, आज नका जाऊ रुळावर." मी हसून सांगितलं, "टाइमटेबल पाठ आहे आम्हाला." तो "बरं" म्हणाला आणि बाजूला झाला. त्याच्या बोलण्यातल्या 'आज' या शब्दावर मी थांबलो नाही.

कोसभर पुढं एका कोरड्या नाल्यावर लोखंडी पूल होता. नुसते आडवे लाकडी स्लीपर, मधून खाली वाळू दिसायची, बाजूला उभं राहायला जागा नाही. पलीकडून चढ होता आणि रूळ खोलगट वळणातून वर यायचा. पावणेअकराची मालगाडी याच चढानं धूर ओकत येते, तिचा फोटो पुलावरून चांगला येईल, ही कल्पना माझी. त्याआधी माझा एक फोटो पुलाच्या मधोमध काढा, हा हट्टही माझा. अप्पा पुलाच्या अलीकडच्या टोकाला थांबले आणि मी स्लीपर मोजत मधोमध जाऊन उभा राहिलो.

अप्पांनी वाकून रुळावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. "भाऊसाहेब, गाडी येऊन राहिली."

"ऊन आहे अप्पा. रूळ तापलाय, हात भाजतोय तुमचा."

लांबून बारीकशी शिट्टी आली. मी म्हणालो, "जिनिंगचा भोंगा असेल."

"आन् रविवारी जिनिंग?"

वळणाच्या मागं आभाळ काळवंडत होतं ते त्यांना दिसत होतं, माझी तिकडे पाठ होती. "तो धूर बघा की मागं," ते ओरडले. "कुणी तरी धुरे जाळत असेल," मी म्हणालो. शेताच्या बांधांना आग लावायचे ते दिवसच होते, त्यामुळे हे उत्तर मला फार पटलं. मागं वळून बघण्याऐवजी मी डावं मनगट वर केलं, घड्याळावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "पावणेअकराच्या आत या रुळावर काही येत नाही. काढा तुम्ही फोटो." कागदावर नाही ते जगात नाही, अशी माझी समजूत. नोकरीनं दिलेली असेल, की मुळातलीच असेल...

अप्पांनी कळ दाबली. मग कॅमेरा गळ्यात सोडून, धोतर वर खोचून तो जाडजूड माणूस त्या उघड्या स्लीपरांवरून माझ्याकडे पळत आला. मला वाटलं यांना वेड लागलं. त्यांनी माझी कॉलर धरली आणि ओढलं, तेव्हा मी वळून पाहिलं. इंजिन वळणातून बाहेर आलं होतं. आम्ही धावलो. माझी एक चप्पल स्लीपरांमधून खाली वाळूत पडली. पाठीमागं लोखंड किंचाळत होतं, वाफ सुटल्याचा आवाज होता, आणि आम्ही पुलाच्या टोकाला खडीत जाऊन पडलो तेव्हा गाडी पलीकडच्या टोकाशी येऊन थांबली होती. इंजिनाच्या मागं दोनच लोखंडी टाक्या आणि गार्डाचा डबा. गोदावरीच्या बाजूनं पाणी भरून कोरड्या स्टेशनांना वाटत जाणारी ती गाडी. अशी गाडी वेळापत्रकात नसते. दुष्काळ वेळापत्रकात कसा असेल?

ड्रायव्हर खाली उतरला. पूर्णेचा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थकल्या आवाजात म्हणाला, "चढ के वास्ते दूर से भागते आया था मैं. अब कैसा चढूं?" धाव तुटली होती. त्यानं तीनदा गाडी हलवायचा प्रयत्न केला, चाकं जागच्या जागी फिरली, आणि प्रत्येक वेळी वाफ वाया गेली. मागच्या स्टेशनावर इंजिनाला पाणी पुरेसं मिळालेलं नव्हतं. बॉयलरमधलं पाणी उतरत चाललं होतं. आता एक तर आग खाली पाडायची, म्हणजे दुसरं इंजिन येईपर्यंत दिवसभर टाक्या तिथंच उन्हात उभ्या. नाही तर टाकीतलं, लोकांचं पाणी काढून इंजिनाला पाजायचं. म्हातारा थोडा वेळ टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाल्टियां निकालो."

इथं एक गोष्ट लिहायला हवी. मी त्या माणसापुढं हात जोडले. "मी सरकारी नोकर आहे, माझं नाव देऊ नका, पोटावर पाय येईल," असं काहीबाही बोललो. अप्पांनी हात जोडले नाहीत, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बादली उचलली. ड्रायव्हरनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दो भैंसां आडे आए करके रिपोर्ट लिखतूं. चलो, हात लगाओ."

टाकीच्या तोटीपासून इंजिनामागच्या टेंडरपर्यंत, म्हणजे त्याच्या पाण्या-कोळशाच्या डब्यापर्यंत आम्ही उभे राहिलो. गार्ड, फायरमन, धावत आलेले दोन गँगमन, अप्पा आणि मी. लाल बादल्या हातोहात वर जात होत्या. जितकं पाणी टेंडरात पडत होतं तितकंच आमच्या अंगावर आणि खडीवर सांडत होतं. कुठून कोण जाणे, कावळे आले, चिमण्या आल्या, आमच्या पायांत येऊन ओल्या खडीत चोची मारू लागल्या. काम संपल्यावर गाडी मागं घेऊन, पुन्हा धाव धरून म्हाताऱ्यानं चढ काढला. पण तोटी नीट बसेना. ठोकून पाहिली, चिंध्या बांधल्या, तरी स्टेशनापर्यंत पाण्याची धार रुळावर गळत राहिली. गार्डाच्या डब्यात बसून आम्ही ती मागं पडणारी ओली रेघ बघत होतो. ऊन ती लगेच पुसत होतं.

स्टेशनात गाडी लागली तेव्हा रांग उभी राहिली होती. आम्ही दोघं डब्यातून उतरलो, नखशिखान्त भिजलेले. सदऱ्यांतून पाणी निथळत होतं. सगळ्या बायकांनी आमच्याकडे पाहिलं. इतके डोळे माझ्यावर त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही कधी आले नाहीत. उशीर का झाला म्हणून कुणी तरी विचारलं. फायरमन म्हणाला, "दोन म्हशी आडव्या आल्या." "म्हशी?" रांगेतला एक म्हातारा म्हणाला, आणि पुढं कुणीच काही बोललं नाही. तोटीखाली घागरी लागल्या. रांग निम्मी झाली न झाली तोच धार बारीक झाली, मग ठिबकू लागली, मग थांबली. दुसरी टाकी पुढच्या स्टेशनाची होती. उरलेल्या बायकांनी रिकाम्या घागरी उचलल्या. शेवटची एक नवी नवरी होती, हातांत हिरव्या बांगड्या, घागर कमरेवर. ती जाता जाता अप्पांसमोर थांबली, त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लई भिजलाव की."

रागानं म्हणाली नाही, टोमणाही मारला नाही. जे दिसलं ते बोलली. अप्पांनी खांद्यावरची पाण्याची पिशवी काढून तिच्या घागरीत रिकामी केली. घागरीच्या तळाला तांब्याभर पाणी आवाज करत पडलं. ती गेली, आणि अप्पा तिथंच खाली बसले.

परतीच्या वाटेवर ते बोलले नाहीत. मी एकटाच बडबडत होतो. ही गाडी टाइमटेबलात नव्हती, गँगमननं नीट सांगायला हवं होतं, नोकरी वाचली हे काय कमी झालं... ते खिडकीबाहेर बघत होते. 'मी तुम्हाला सांगितलं होतं' हे वाक्य ते म्हणतील म्हणून मी दिवसभर, मग आठवडाभर, मग वर्षभर वाट पाहिली. ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर भांडण झालं असतं, मी चिडलो असतो, आणि एखादे दिवशी 'हो, चुकलं माझं' असं बोलूनही गेलो असतो. त्यांनी ती संधीच दिली नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

रुळावर आम्ही पुन्हा कधी गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी एक मोठा रांजण घेतला, पेंढ्यात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवला आणि त्या स्टेशनावर नेऊन ठेवला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पंधरा दिवसांआड एका सोमवारी ते तिथं जायचे. जाण्याआधी मला विचारायचे, "भाऊसाहेब, येता का?" पहिल्या वर्षी माझ्याकडे मार्चअखेर होती. दुसऱ्या वर्षी मुलीचा दाखला. मग नांदेडला बदली झाली, म्हणजे गाव माझ्या घरापासून जवळ आलं आणि माझ्या सबबी लांबल्या. "पुढच्या साली नक्की," मी म्हणायचो. कोळशाची इंजिनं गेली, रूळ उखडून रुंद रूळ आले, लातूरची लहान लाइनही गेली. लातूरला पाण्यासाठी रेल्वे आली त्या साली सगळा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता, तेव्हा अप्पांचा फोन आला. "बघितली का?" त्यांनी विचारलं. "बघितली," मी म्हणालो. त्यापुढं किती तरी वेळ फोन कुणीच खाली ठेवला नाही.

शेवटची भेट या माघात झाली. ते खाटेवर होते, आवाज खोल गेला होता. मी उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाचंच मनगट. "भाऊसाहेब, ह्या साली माझं जाणं होईल असं दिसत न्हाई. तुम्ही येता का जाऊन?" मी म्हणालो, "गुडघे दुखतात हो अप्पा. बघू." त्यांनी मनगट सोडलं आणि हसून म्हणाले, "बघा." हा शब्द आता मला सुखानं झोपू देत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि मी त्याला गुडघे सांगितले.

अप्पा गेल्यावर पंधराव्या दिवशी विरेशनं मला एक पाकीट दिलं. अप्पांनी गल्ल्याखालच्या कप्प्यात ते जपून ठेवलं होतं, वर माझं नाव होतं. आत एक जुना फोटो. कोरडा नाला, लोखंडी पूल, मधोमध मी. केस काळे, छाती पुढं, मनगट वर केलेलं आणि घड्याळावर बोट. माझ्या डोक्यामागं वळणावर काळ्या धुराचा लोट उभा आहे, आंधळ्यालाही दिसेल एवढा. फोटोच्या मागं काही लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं हा कागद त्यांच्या हाताशी होता. एकदाही त्यांनी तो माझ्यापुढं टाकला नाही.

गेल्या सोमवारी मी गेलो. गुडघे दुखत होते ते दुखतच होते. स्टेशन बदललंय, फलाट उंच झालाय, वर विजेच्या तारा आहेत. लिंब मात्र तोच. त्याच्याखाली रांजण, भोवती ओलं गोणपाट, वर लाकडी झाकण, झाकणावर दोरानं बांधलेला तांब्या. मला वाटलं होतं रांजण कोरडा असेल. झाकण उचललं तर काठोकाठ भरलेला. शेजारी एक म्हातारी बाई भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, हा कोण भरतं?"

"मीच भरते. अप्पा मागल्या साली सांगून गेलेत." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, चपलेपासून टोपीपर्यंत. मग म्हणाली, "तुमी दुसरी म्हैस का?"

मी तिथंच पारावर बसलो. ती सांगत होती, "म्हशी होत्या कुठं त्या साली गावात? समद्या छावणीत, न्हाई तर बाजारात. तवाच कळलं हुतं आमाला."

मला आठवलं. तसल्याच छावण्यांचे कागद मी लातूरला टाइप करत होतो. "मग बोलला का नाही कुणी?"

"बोलून काय? त्या म्हाताऱ्या डायवरची नोकरी गेली असती. आन् पाणी काय माघारी येनार हुतं?" तिनं पाटीतला कचरा निवडून टाकला. "अप्पा पुढच्याच साली आले रांजण घिऊन. समद्यांम्होरं हात जोडून म्हनले, चूक माझी हाय. दोस्ताला काय बी ठावं नव्हतं, मीच नेलं त्याला पुलावर. येईल म्हनले तो बी एक दिस. दर साली म्हनायचे."

ज्या हातांनी ड्रायव्हरपुढं भीक मागितली नाही, ते हात त्यांनी इथं जोडले होते. माझ्यासाठी. मी खिशातून फोटो काढून तिच्या हातात दिला. "मावशी, अप्पा खोटं बोलले. पुलावर मीच गेलो होतो. ते सांगत होते गाडी येते आहे, मी ऐकलं नाही. ते मला ओढायला आले." हे एवढं ओठांवर यायला मला चाळीस वर्षं लागली आणि बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तिनं फोटो हात लांब करून पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. "धूर तर दिसून राहिला की मागं."

"हो."

"आन् तुमी घड्याळ बघून राहिले."

"हो."

तिनं फोटो परत दिला. झाकण सरकवलं, तांब्या बुडवून भरला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. आज कोरडेच आलाव." तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. हिरव्या बांगड्या आता नव्हत्या... पाणी गार होतं. मी सगळा तांब्या प्यालो, मग आणखी एक.

तांब्याचा दोर अप्पांच्या दुकानातला होता, गाठही त्यांचीच, बोटांनी ओळखली. मधे तो झिजून सुतावर आलाय, हा उन्हाळा काही निघायचा नाही. विरेशला सांगून नवा दोर घ्यायचा आहे. कागद-पेन होतं खिशात, पण काढलं नाही. रांजणाच्या काठापासून तळापर्यंत हात घालून, किती लांब लागेल ते हातानंच मोजून घेतलं. पुढच्या सोमवारी जाणार आहे.